अंकांच्या सहवासात

मुंबईच्या बोरीबंदराहून निघालेली आगगाडी घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे मागे टाकून ठाण्यास येते, पुढे खाडी ओलांडते आणि काही वेळाने डोंबिवलीस थांबते. या मार्गाने दररोज लक्षावधी माणसे कामास जातात व घरी परततात. दाटीत नीट उभे राहण्यापुरती जागा मिळाली तरी त्यांस पुष्कळ वाटते. स्थानकाच्या नावाकडे कोण लक्ष देणार! परंतु या डोंबिवली स्थानकाचे एक जुने नाव गणिताच्या ग्रंथांत कायमचे जाऊन बसले आहे. या मार्गावर जी. आय. पी. रेल्वेच्या गाड्या धावत होत्या, त्या काळी मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील या स्थानकास डेम्लो असे म्हणत. तेथे एका तरुणाच्या मनात संख्यांविषयी एक कल्पना आली आणि त्या संख्यांना त्याने स्थानकाचेच नाव देऊन टाकले. परदेशांतील गणिताच्या पुस्तकांतही डेम्लो संख्या हा शब्द आढळतो. तो तरुण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. बोरिवली, विरार आणि पालघर यांच्याही पलीकडे समुद्राच्या काठी वसलेले हे गाव. वडील कारकून होते. मुलगा आठ वर्षांचा असतानाच त्याची आई निवर्तली आणि त्याच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर पडला. वडिलांस फलज्योतिषाचा नाद होता. ग्रहांवरून माणसाचे भविष्य कळते की नाही हा प्रश्न आपण येथे बाजूस ठेवू. परंतु पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड करावी लागते, आणि ती बिनचूक करावी लागते. अंश, कला, घटका, पळे यांचे हिशेब त्या घरात नित्य चालत. आईवेगळ्या मुलास खेळावयास अंक सापडले ते असे. मांडलेली आकडेमोड बरोबर सुटली म्हणजे होणारे समाधान त्याने फार लहान वयात चाखले आणि त्याची गोडी त्यास आयुष्यभर सुटली नाही.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. शाळेत असताना गणिती कोडी सोडविण्यात या मुलाचे तासन्‌तास निघून जात. कोड्याचे उत्तर हाती आले म्हणजे पुष्कळ मुले ते कोडे विसरतात. कापरेकरांचे तसे नव्हते. हेच कोडे दुसऱ्या संख्येने मांडले तर काय होईल, तीन अंकांच्या ऐवजी चार अंक घेतले तर काय होईल, असे पुढचे प्रश्न त्यांस पडत. कोडे सोडविणारे अनेक असतात. नवे कोडे घालणारे थोडे.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेत १८९९ मध्ये अग्रस्थान मिळवून सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्या महाविद्यालयाचे नामांकित प्राचार्य होऊन गेले होते. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या गणिती लेखनास त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाई. १९२७ मध्ये ते कापरेकरांस मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. ही पदवी घेऊन ते बाहेर पडले. पुढील पदवीचे शिक्षण मात्र त्यांनी कधी घेतले नाही. संशोधन कसे करावे हे शिकविणारा गुरू त्यांस लाभला नाही आणि एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आधारही लाभला नाही.

१९३० मध्ये नाशिकजवळील देवळाली येथील शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली. देवळाली हे लष्करी छावणीचे गाव. हवा कोरडी, रस्ते शांत. तेथे त्यांनी १९६२ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, मुलांस शिकविले. शाळेतील शिक्षकाचा दिवस कसा जातो हे तुम्ही पाहताच. तास, वह्या, परीक्षा आणि पुन्हा वह्या. या कामातून जो वेळ उरे तो कापरेकरांनी अंकांस दिला. त्यांच्या प्रयोगशाळेस लागणारे साहित्य कागद आणि पेन्सिल एवढेच होते, आणि तेही पुष्कळदा पाठकोरे.

आता ते करीत तरी काय, हे पाहू. स्थानकावरून नाव पडलेल्या संख्यांपासूनच आरंभ करणे बरे. ११ ला ११ ने गुणले असता १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले असता १२३२१ येतात, आणि ११११ ला ११११ ने गुणले असता १२३४३२१. अंक जणू जिना चढून वर जातात आणि दुसऱ्या बाजूने उतरून खाली येतात. नऊ एक्क्यांच्या संख्येपर्यंत हा जिना अभंग राहतो. तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा येतो. दहा एक्के घेतले की हातचा येऊ लागतो आणि पायऱ्या विस्कटतात. डेम्लो संख्यांचे आणखीही प्रकार आहेत, परंतु हा सर्वांत डौलदार. कापरेकरांनी या प्रकारास अद्भुत असे विशेषण लावले आणि त्यावरील त्यांचे टिपण १९३८ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मॅथेमॅटिक्स स्टुडंट या नियतकालिकात छापून आले.

ज्या संख्यांस आज त्यांचे स्वतःचे नाव आहे, त्यांची गंमत याहून निराळी. ४५ ही संख्या घ्या. तिचा वर्ग २०२५. आता या वर्गाचे मधोमध दोन तुकडे करा: २० आणि २५. त्यांची बेरीज करा. पुन्हा ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. मोठ्या संख्यांतही असे नमुने सापडतात. २९७ चा वर्ग ८८२०९ होतो, आणि ८८ व २०९ यांची बेरीज २९७ होते. ७०३ चा वर्ग ४९४२०९. तो तुम्हीच तोडून पाहा. अशा संख्या विरळा असतात. ९९ ही आणखी एक. पण ९९ नंतर पुढची अशी संख्या थेट २९७ ला भेटते. मधल्या जवळजवळ दोनशे संख्या तपासून टाकून द्याव्या लागतात, आणि हे काम करणाऱ्याजवळ गणकयंत्र नव्हते हे ध्यानात ठेवावे.

ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, त्या संख्येस त्यांनी हर्षद म्हटले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. १२ या संख्येच्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. म्हणून १२ ही हर्षद. कापरेकरांचे जन्मवर्षही हर्षदच निघते. १, ९, ० आणि ५ यांची बेरीज १५. १९०५ ला १५ ने भाग दिला असता १२७ येतात आणि बाकी काही उरत नाही. या संख्यांचे पुढे एक मौजेचे प्रकरण झाले. १९७७ मध्ये आयव्हन नायव्हन नावाच्या गणितज्ञाने एका परिषदेतील व्याख्यानात त्यांचा उल्लेख केला, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी त्यांस नायव्हन संख्या म्हणू लागले. आज दोन्ही नावे रूढ आहेत. प्रस्तुत लेखक मराठीचा शिक्षक. गणिताशी त्याचे सख्य बेताचेच. तरीही या दोन नावांत अधिक चांगले कोणते हे सांगण्यास त्यास संकोच वाटत नाही.

देवळाली या गावाचे नावही कापरेकरांनी गणितात नेले. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्मास येते. १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१ होतात. तेव्हा २१ ची जननी १५. २१ मध्ये २ आणि १ मिळविले की २४ होतात. याप्रमाणे बहुतेक संख्यांस कोणी ना कोणी जननी असते. परंतु २० कशापासून झाले? १० पासून ११ होतात, ११ पासून १३, १४ पासून १९, आणि १५ पासून एकदम २१. २० ला जन्म देणारी संख्या शोधून सापडत नाही. अशा स्वयंभू संख्यांस देवळाली संख्या असे नाव पडले. शंभराच्या आत त्या तेराच आहेत. १, ३, ५, ७ आणि ९ या पहिल्या पाच. त्यांच्या नंतर २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. या शेवटच्या रांगेत लागोपाठच्या दोन संख्यांतील अंतर मोजून पाहा, म्हणजे ती मुद्दाम का लिहिली ते कळेल. उलट, काही संख्यांस दोन जननी असतात. ९१ मध्ये ९ आणि १ मिळविले तरी १०१ होतात, आणि १०० मध्ये १ मिळविला तरी १०१ च होतात. दोन वाटा जेथे एकत्र येतात अशा या संख्यांस कापरेकरांनी जंक्शन म्हटले. रेल्वेने त्यांस नाव पुरविले ते हे दुसऱ्यांदा.

परंतु ज्या एका शोधामुळे कापरेकरांचे नाव देशोदेशी गेले, तो शोध याहून साधा आहे. चौथीतील मुलासही त्याचा पडताळा घेता येतो. १९४६ मध्ये तो त्यांच्या हाती लागला.

चार अंकांची कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, म्हणजे त्यांपासून होणारी मोठ्यांत मोठी संख्या मिळते. मग चढत्या क्रमाने मांडावेत, म्हणजे लहानांत लहान मिळते. मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी, आणि असे करीत जावे. उदाहरणासाठी पुन्हा १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चे अंक उतरत्या क्रमाने मांडले तर पुन्हा ७६४१, चढत्या क्रमाने मांडले तर पुन्हा १४६७, आणि वजाबाकी पुन्हा ६१७४. गाडी येथे थांबते. पुढे स्थानक नाही. आपण १९०५ पासून निघालो, परंतु २३५८ पासून निघालो असतो किंवा ९००१ पासून निघालो असतो, तरी येथेच येऊन पोहोचलो असतो. सात वजाबाक्यांहून अधिक वजाबाक्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत. तीन अंकी संख्यांचेही असेच एक शेवटचे स्थानक आहे. ते म्हणजे ४९५. ३५२ घेऊन पाहिल्यास चौथ्या वजाबाकीत ते येते.

मुलुंडच्या ज्या शाळेत प्रस्तुत लेखकाने पुष्कळ वर्षे काढली, तेथे गणिताचे शिक्षक रजेवर असले म्हणजे तो वर्गात जाऊन हा खेळ मांडीत असे. पन्नास मुलांनी पन्नास निरनिराळ्या संख्या घ्यावयाच्या आणि ६१७४ आले की हात वर करावयाचा. एक हात वर होई, मग तीन, मग दहा, आणि शेवटी सारा वर्ग. एकदा मात्र एका मुलीने हात वर केला नाही. ती उठूनच उभी राहिली. तिने २१११ ही संख्या घेतली होती. २१११ मधून १११२ वजा केले असता ९९९ आले. ९९९ कसेही फिरविले तरी ९९९ च, म्हणून पुढचे उत्तर शून्य. कापरेकरांचा नियम खोटा ठरला असे तिने शांतपणे सांगितले. सारा वर्ग शिक्षकाकडे पाहू लागला आणि शिक्षक फळ्याकडे. मराठीच्या शिक्षकास यावर काही सुचेना. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा फळ्यावरील आकडे तसेच होते. उलगडा दुसऱ्या दिवशी झाला, आणि तो वर्गातील दुसऱ्या एका मुलाने केला. खेळ चार अंकांचा आहे, तेव्हा उत्तर ९९९ असे न लिहिता ०९९९ असे लिहावयास हवे. शून्यास त्याची जागा दिली की ९९९० मधून ०९९९ वजा होऊन ८९९१ येतात. तेथून ८०८२, मग ८५३२, आणि मग ६१७४. त्या मुलीने सारे स्वतः करून पाहिल्यावरच मान्य केले. कापरेकरांच्या वर्गात ती असती तर त्यांस फार आवडली असती, असे वाटते.

हे असे का होते? चार अंकी संख्या नऊ हजार आहेत. सर्व संख्या तपासावयाच्या म्हटले तर शाळेची सुटी संपून जाईल. परंतु थोडा विचार केला तर वाट पुष्कळच लहान होते. अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर अवलंबून असते. पहिल्या आणि शेवटच्या अंकांत अंतर किती ही एक, आणि मधल्या दोन अंकांत अंतर किती ही दुसरी. पहिले अंतर ९९९ ने गुणावे, दुसरे ९० ने गुणावे, आणि बेरीज करावी, की उत्तर तयार. १९०५ चे अंक ९, ५, १, ० असे लागतात. ९ आणि ० यांतील अंतर ९; ५ आणि १ यांतील अंतर ४. नऊ वेळा ९९९ म्हणजे ८९९१, चार वेळा ९० म्हणजे ३६०, आणि बेरीज ९३५१. वर हेच आले होते. आता पहिले अंतर १ पासून ९ पर्यंतच असू शकते, आणि दुसरे अंतर पहिल्याहून मोठे होऊ शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या ५४ भरतात. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत त्या हजारो संख्या ५४ संख्यांत गोळा होऊन बसतात. ५४ संख्या मात्र एका दुपारी, एका वहीत तपासता येतात. ज्यास आवड असेल त्याने त्या तपासाव्यात.

१९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्याविषयी त्यांचे टिपण आले. शीर्षकात त्यांनी त्यास एकट्याने खेळावयाचा खेळ म्हटले होते.

खेळ या शब्दानेच त्यांचा घात केला, असे म्हणावे काय? आपल्या देशातील पुष्कळ गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे हसून पाहिले. त्यांचे लेख बहुधा लहानसहान नियतकालिकांतच छापले जात. विद्यापीठांतील विद्वानांस ही सारी क्षुल्लक करमणूक वाटे. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, हेही सांगितले पाहिजे. माणसाच्या हातांस दहा बोटे आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. आठच बोटे असती तर आपण आठाच्या पटीत मोजले असते, आणि मग ६१७४ ला हे माहात्म्य उरले नसते. म्हणजे हे गुण संख्येचे कमी आणि संख्या लिहिण्याच्या आपल्या रीतीचे अधिक. दहाच्या रीतीतही हा खेळ सर्वत्र साधत नाही. दोन अंकी संख्या घेतल्या तर एका ठिकाणी येऊन थांबणे होत नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशी त्यांची फेरी अखंड चालू राहते. तेव्हा या नियमात सर्व संख्यांस लागू पडणारे खोल सत्य नाही, असे विद्वानांनी म्हटले तर त्यांचे चुकले नाही. त्यांचे चुकले ते हसण्यात. चार अंकांच्या वजाबाक्या कित्येक शतके, कित्येक देशांत, कित्येक मुलांनी केल्या. त्यांच्या पोटात काय दडले आहे ते १९४६ पर्यंत कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. ते ज्याच्या दृष्टीस पडले, त्याची दृष्टी क्षुल्लक कशी म्हणावी?

कापरेकरांनी या हसण्याचा विषाद मानून लेखणी खाली ठेवली नाही. कोणी छापीत नसेल तर आपणच छापावे, असा मार्ग त्यांनी धरला. डेम्लो संख्या, आवर्ती दशांश, स्वयंभू संख्या अशा विषयांवर त्यांनी लहान लहान पुस्तिका लिहिल्या आणि आपल्या तुटपुंज्या प्राप्तीतून देवळालीस प्रसिद्ध केल्या. छपाईस लागणारा प्रत्येक रुपया शिक्षकाच्या पगारातून यावयाचा होता. गणिताच्या परिषदा भरत तेथे ते जात आणि आपल्या संख्या लोकांपुढे मांडीत. शाळा-महाविद्यालयांतून बोलावणे आले म्हणजे आनंदाने जात. मुलांपुढे उभे राहिल्यावर त्यांस श्रोत्यांची उणीव कधी भासली नाही. मोठी माणसे प्रथम हे कशास उपयोगी पडेल असे विचारतात. मुले पुढे काय होते असे विचारतात. कापरेकरांस दुसरा प्रश्न अधिक जवळचा होता.

ज्या जोरावर ते हे सारे करीत राहिले, तो जोर कशाचा होता? मानाचा नव्हे, कारण मान मिळत नव्हता. पैशाचा तर नव्हेच. कोपर्निकस या ज्योतिर्विदाच्या स्मरणार्थ त्यांनी एक जादूचा चौरस रचला. अशा चौरसांत कोठूनही बेरीज केली तरी ती सारखीच येते. हे काम कोणी त्यांस सांगितले नव्हते आणि त्याबद्दल कोणी काही देणारही नव्हते. अंकांत गुंगून जाण्याची त्यांस अशी ओढ होती की ती त्यांनी कधी लपविली नाही. गणितानंद असे नाव लोकांनी त्यांस दिले, ते उगीच नव्हे.

१९६२ मध्ये ते शाळेतून निवृत्त झाले. पुढील काळ कठीण गेला. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून उतारवयात त्यांस गणित आणि शास्त्र या विषयांच्या शिकवण्या कराव्या लागल्या. देवळाली संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९६३ मधील आहे. म्हणजे नोकरी संपली तरी अंकांची संगत सुटली नव्हती.

तीच पुस्तिका पुढे कामास आली. अमेरिकेतील सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर नावाचे लेखक गणिती करमणुकीचे सदर चालवीत असत. हे गृहस्थ स्वतः गणिताचे प्राध्यापक नव्हते. परंतु त्यांचे सदर वाचून जगभर कितीतरी मुले आणि मोठी माणसे गणिताकडे वळली. मार्च १९७५ च्या अंकात गार्डनर यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले. दूर देशांतील वाचक आपापल्या टेबलाशी बसून देवळालीच्या शिक्षकाने घातलेली कोडी सोडवू लागले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. ज्या कामास येथे कित्येकांनी बालिश ठरविले होते, त्याकडे जगाने आता कुतूहलाने पाहिले. पुढे गणकयंत्रे आली. चार अंकांवरून पाच, सहा आणि त्याहून लांब संख्यांवर तोच प्रयोग झाला. कोठे फेऱ्या सापडल्या, कोठे नवी स्थानके सापडली. यंत्रास आज्ञा कशा द्याव्यात हे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस आज ६१७४ चे उदाहरण अनेकदा घातले जाते. कापरेकर संख्या, हर्षद संख्या, डेम्लो संख्या ही नावे आता कोणी बदलणार नाही.

४ जुलै १९८६ रोजी कापरेकरांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रातील वर्षे पाठ करणे अनेकांस कंटाळवाणे वाटेल. त्यांनी पाठ करू नयेत. ती कागदावर मांडावीत. १९८६ चे अंक उतरत्या क्रमाने लावले तर ९८६१ होतात आणि चढत्या क्रमाने १६८९. वजाबाकी ८१७२. ही संख्या आपण यापूर्वी पाहिली आहे. जन्मवर्ष १९०५ पासून निघालो तेव्हा दुसऱ्याच ओळीत ती भेटली होती. तेथून ६१७४ पाच वजाबाक्यांवर आहे.